आधी रजिस्टर, मग मंगल कार्यालय: कॅथलिक संस्कारांची तयारी कशी करावी

दर उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या ऑफिसात तोच प्रसंग घडतो. बस्ता झालेला असतो, लॉनला आगाऊ रक्कम दिलेली असते, पत्रिका छापखान्यात असते, आणि मग नवरदेवाचे वडील फादरांना सांगायला येतात, "फादर, आखाजीनंतरचा दुसरा रविवार धरला आहे." फादर माझ्याकडं बघतात. मी रजिस्टर सांभाळतो, त्यामुळं पुढचा प्रश्न मला विचारावा लागतो: मुलीचा बाप्तिस्मा कुठं झाला? त्यानंतरची शांतता मी इतक्या वेळा ऐकली आहे, की शेवटी हे लिहायला बसलो.

आपल्याकडं घोटाळा होण्याची कारणंही आपलीच आहेत. भुसावळची रेल्वेची घरं बदलीबरोबर इगतपुरी, खंडवा, इटारसी करत फिरलेली. सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडं जातात आणि होळीला परततात. मुलं आश्रमशाळेत नाहीतर होस्टेलात. एका घरातल्या तीन भावंडांच्या नोंदी तीन धर्मप्रांतांत (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या कारभाराखालचा प्रदेश) असणं इथं अगदी सामान्य आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात, पण पलीकडचं बऱ्हाणपूर खंडव्यात आणि सुरत वडोदऱ्यात मोडतं.

संस्कार सात: बाप्तिस्मा म्हणजेच स्नानसंस्कार, दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा), ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर), प्रायश्चित्त म्हणजेच पापनिवेदन, रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावणं), गुरुदीक्षा (धर्मगुरू होणं) आणि विवाह. गुरुदीक्षेची तयारी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या शिक्षणसंस्थेत होते, ती इथं घेत नाही. बाकी सहांचा क्रम पुढं दिला आहे.

## टप्पा १: बाप्तिस्म्याची नोंद शोधा

कुठल्याही संस्काराची सुरुवात इथून होते. ज्या चर्चमध्ये तुमचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या रजिस्टरातली ती ओळ म्हणजे तुमचा चर्चमधला सातबारा. पुढं दृढीकरण झालं, लग्न झालं, की त्याच ओळीसमोर शेरा पडतो. म्हणून लग्नाच्या वेळी आईनं ट्रंकेत जपलेला तीस वर्षांपूर्वीचा दाखला चालत नाही. गेल्या सहा महिन्यांत काढलेला, शेऱ्यांसकट नवा दाखला लागतो. तुमचं आधी कुठं लग्न झालेलं नाही, हेही त्यावरूनच दिसतं.

दाखला मागताना पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख, बाप्तिस्म्याचं अंदाजे वर्ष आणि धर्मपिता-धर्ममातेची (बाप्तिस्म्याच्या वेळी सोबत उभ्या राहिलेल्यांची) नावं द्या. वर्ष माहीत नसेल तर मोठ्या भावंडाचं सांगा. त्याच्या आगेमागे तुमचं नाव सापडतं. दूरच्या चर्चला फोन करण्यापेक्षा तुमच्या फादरांचं पत्र न्या किंवा पाठवा, काम लवकर होतं.

तपासा: नाव. आमच्याकडं रजिस्टरात 'जोसेफ', शाळेच्या दाखल्यावर 'सुनील' आणि घरात 'बाळू' असलेला एकच माणूस तीन माणसांसारखा उभा राहतो. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर आजच फादरांना दाखवा. रजिस्टरात परस्पर खाडाखोड होत नाही. पुरावा घेऊन, रीतसर शेरा मारूनच दुरुस्ती होते.

नोंद सापडलीच नाही तर घाबरू नका. बाप्तिस्मा झाला तेव्हा हजर असलेल्या भरवशाच्या व्यक्तीची साक्ष लेखी घेता येते. मोठेपणी बाप्तिस्मा घेतला असेल तर त्या माणसाचं स्वतःचं शपथेवरचं निवेदनही चालतं. साक्षीदार म्हातारी मावशी असेल तर मात्र हे काम लांबवू नका.

## टप्पा २: बाळाचा बाप्तिस्मा

चर्चचा नियम सांगतो की जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा करावा. आपल्याकडं मात्र 'सगळे पाहुणे जमतील तेव्हा' म्हणता म्हणता मूल चालायला लागतं.

क्रम असा. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आधी काढा आणि त्यावरचं नावच चर्चला द्या. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याची जागा घेत नाही. नाव संताचंच हवं असा नियम नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं म्हणजे पुरे. आकाश, प्रिया ही नावं बिनदिक्कत चालतात. केवळ चर्चसाठी म्हणून वेगळं नाव लिहून घेण्याची हौसच वीस वर्षांनी टप्पा एकमधला घोटाळा होऊन समोर येते.

मग धर्मपिता किंवा धर्ममाता ठरवा. दोघं असायलाच हवेत असं नाही, एक चालतो; दोन घेतले तर एक पुरुष आणि एक बाई. अटी अशा: वय किमान सोळा पूर्ण, स्वतः कॅथलिक, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद घेतलेला, श्रद्धेला धरून जगणारा. बाळाचे आईवडील धर्मपिता-धर्ममाता होऊ शकत नाहीत.

सगळ्यात जास्त रुसवेफुगवे इथं होतात. आपल्याकडं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून बाप्तिस्म्यालाही मामाच हवा असतो. मामा प्रोटेस्टंट मंडळीचा असेल तर तो एका कॅथलिक धर्मपित्याबरोबर साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. मामाचा बाप्तिस्माच झालेला नसेल तर त्याचं नाव रजिस्टरात येणार नाही. बाळाचे पांढरे कपडे आणायचा मान त्याला द्या. हे घरात आधी बोला. वेदीसमोर सांगायची वेळ आली की वर्षभराचा अबोला ठरलेला.

आईवडिलांसाठी एक-दोन बैठका असतात, त्या चुकवू नका. राहता तो धर्मग्राम, म्हणजे तुमच्या चर्चचं क्षेत्र, सोडून आजोळी बाप्तिस्मा करायचा असेल, तर तुमच्या फादरांची लेखी संमती घेऊन जा.

आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नसेल तरी बाळाचा बाप्तिस्मा होऊ शकतो. दोघांपैकी निदान एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल याची रास्त आशा, एवढं बघितलं जातं. लाजून दूर राहू नका.

इशारा, जिवाला धोका असेल तेव्हा: बाळ काचेच्या पेटीत आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे आणि फादर चाळीस किलोमीटरवर आहेत. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, नर्स, आजी, शेजारीण, अगदी बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा. चर्चला जे करायचं असतं तेच करण्याचा हेतू मात्र हवा. साधं पाणी बाळाच्या डोक्यावर तीनदा ओतत म्हणायचं: "मी तुला पिता, आणि पुत्र, आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो", मुलगी असली तर "देते" असं बदलायचं नाही, क्रियापद पाणी ओतणाऱ्याचं असतं, म्हणून बाई ओतत असेल तर "देते". पाणी त्वचेवरून वाहायला हवं, ओल्या बोटाची खूण पुरत नाही. 'मी'च्या जागी 'आम्ही' म्हटलं तर बाप्तिस्मा ग्राह्य नाही, हे रोमनं 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. नंतर तारीख, वेळ, ओतणाऱ्याचं आणि हजर असलेल्याचं नाव फादरांना कळवा. बाळ बरं झालं तर उरलेले विधी चर्चमध्ये होतात, पाणी पुन्हा ओतत नाहीत.

एका आजीनं मला विचारलं होतं, "पानी टाकी दिधं म्हंजे व्हई गया का बाप्तिस्मा?" हो आजी, वरचे शब्द म्हणून टाकलं असेल तर झाला. आणि झाला तो एकदाच.

याच कारणानं दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्यांना सरसकट पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. धुळे-नंदुरबारकडं प्रोटेस्टंट मंडळ्या जुन्या आहेत. पाणी आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावानं झालेला त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. तिथला दाखला आणा. फक्त 'येशूच्या नावाने' दिलेला असेल तर तो मानला जात नाही, तेव्हा नेमके कोणते शब्द उच्चारले ते फादरांना सांगा.

मोठ्या वयात बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा रस्ता निराळा आहे. त्यांना बऱ्याच महिन्यांचं धर्मशिक्षण असतं आणि बहुधा ईस्टरच्या जागरणविधीत बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकत्र मिळतात. 'लग्न आहे, पुढच्या महिन्यात उरकून टाका' हे तिथं चालत नाही.

## टप्पा ३: पहिलं पापनिवेदन, मगच पहिला ख्रिस्तप्रसाद

क्रम हाच. मूल समजूतदार झालं, म्हणजे साधारण सात वर्षांच्या पुढं, की तयारी सुरू होते. वर्ग दीर्घ चालतात आणि हजेरी बघतात. कुटुंब ऊसतोडीला जाणार असेल तर निघण्यापूर्वी धर्मशिक्षणाच्या शिक्षकांकडून मुलानं काय शिकलं याची चिठ्ठी घ्या. तिकडच्या चर्चमध्ये ती दाखवली तर वर्ष वाया जात नाही.

पापनिवेदन मुलाला असं समजावा: आधी शांत बसून आठवायचं, मनापासून वाईट वाटू द्यायचं, पुन्हा न करण्याचं ठरवायचं, फादरांना सांगायचं, आणि त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त करायचं. आत गेल्यावर क्रूसाची खूण करून मागचं पापनिवेदन कधी केलं ते आधी सांगायचं. मोठ्यांची नेहमीची चूक म्हणजे सासू, जाऊ आणि शेजारी यांची पापं सविस्तर सांगणं. स्वतःचीच सांगायची असतात. गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर निवेदन व्यर्थ जातं. खरोखर विसरलेलं चालतं, पुढच्या वेळी सांगा. फादर हे कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत.

इशारा: फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापक्षमा मिळत नाही. समोरासमोरच जायचं.

ख्रिस्तप्रसाद हातावर घेण्याचा सराव घरी करून घ्या, कारण इथं आपलीच सवय आडवी येते. प्रसाद उजव्या हातानं घ्यायचा हे मुलांच्या अंगात भिनलेलं असतं. इथं मात्र डावा तळहात वर आणि उजवा त्याखाली, म्हणजे उजव्या हातानं उचलून तिथंच, फादरांसमोर तोंडात घालता येतं. "ख्रिस्ताचं शरीर" म्हटल्यावर "आमेन" म्हणायचं. हातात घेऊन जागेवर जायचं नाही. जिभेवर घ्यायचा असेल तर तेही चालतं.

उपास एका तासाचा, आणि तो मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) नव्हे, ख्रिस्तप्रसादाच्या आधीचा. पाणी आणि औषध घेतल्यानं तो मोडत नाही. मे महिन्यात भर उन्हात पोराला तहानलेलं उभं करून नंतर भोवळ आली म्हणणारे पालक मी पाहिले आहेत, पाणी पाजा. आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना हा उपास लागू नाही.

## टप्पा ४: दृढीकरण

सगळ्यात जास्त राहून जाणारा संस्कार हाच. तो सहसा बिशप देतात, ते नाशिकहून येतात, आणि तुमच्या गावात रोज येत नाहीत. त्या दिवशी मूल होस्टेलात असलं की पुढची संधी कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून मूल आठवी-नववीत गेलं की ऑफिसात नाव नोंदवा आणि तारीख विचारून ठेवा. होस्टेलजवळच्या चर्चमध्येही घेता येतं, फक्त बाप्तिस्म्याचा दाखला तिथं पोचवा.

सोबतीला एक पुरस्कर्ता हवा. त्याला धर्मपित्याच्याच अटी लागू. बाप्तिस्म्याचाच धर्मपिता मिळाला तर उत्तम. आईवडील नाहीत.

तपासा: दृढीकरण दुसऱ्या गावी झालं असेल तर त्याची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला पोचली का, हे सहा महिन्यांनी विचारा. लग्नाच्या वेळी सर्वांत जास्त शोधाशोध याच शेऱ्याची होते.

## टप्पा ५: विवाह

माझा सल्ला: सोयरीक पक्की झाली की साखरपुड्याच्या आधी, लग्नाच्या सहा महिने अगोदर फादरांकडं जा. दोघांनी जा, वडिलांना पाठवू नका.

आधी नातं मोजा. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडं अजून आहे. चर्चच्या कायद्यात आडव्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत विवाहाला अडथळा आहे. मोजायची रीत सोपी आहे: मूळ पूर्वज सोडून दोन्हीकडची माणसं मोजा. मी, माझी आई, मामा, मामाची मुलगी. चार झाले, म्हणजे अडथळा आहे. आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण यांचंही तेच. बिशपांकडून सूट मिळाल्याशिवाय हे लग्न ग्राह्य धरत नाहीत, आणि सूट मागितली की मिळालीच असं समजू नका. दोघांच्या आजोबांपर्यंतची नावं कागदावर मांडून फादरांना दाखवा. 'दूरचं नातं आहे' एवढं सांगून सुटका होत नाही.

मग धर्म. जोडीदार प्रोटेस्टंट असेल तर बिशपांची परवानगी लागते. त्याचा किंवा तिचा बाप्तिस्माच झालेला नसेल तर सूट लागते, आणि ती नसेल तर लग्नच ग्राह्य नाही. दोन्ही बाबतींत कॅथलिक व्यक्ती वचन देते की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं यासाठी शक्य ते सारं करीन. दुसऱ्या बाजूच्या व्यक्तीला या वचनाची कल्पना द्यावी लागते, तिच्याकडून तेच वचन घेत नाहीत. धर्म बदललाच पाहिजे अशी अट नाही, ही गोष्ट मुलीच्या माहेरी पहिल्याच बैठकीत सांगा. निम्मे गैरसमज तिथंच मिटतात.

हे कागद फादरांकडून नाशिकला जातात, परत येतात. जळगाव किंवा नंदुरबारहून नाशिक म्हणजे दोनशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला, आणि एखादा कागद कमी पडला की फाइल पुन्हा फिरते. म्हणून आठवडे धरा, दिवस नाहीत.

कागद: दोघांचे नवे बाप्तिस्म्याचे दाखले, दृढीकरणाचा पुरावा, दुसऱ्या धर्मग्रामातून 'विवाहास मोकळा' असल्याचं पत्र, आधार, वयाचा पुरावा, फोटो. विधुर किंवा विधवा असेल तर आधीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला. सरकारी कायद्यानं मुलगा 21 आणि मुलगी 18 पूर्ण हवी. चर्चच्या कायद्यातली किमान वयं याहून कमी आहेत, पण इथं त्यांचा आधार घेऊ नका.

इशारा: कोर्टाच्या घटस्फोटानं चर्चमधलं आधीचं लग्न संपत नाही. चर्चच्या न्यायाधिकरणात ते लग्न मुळातच ग्राह्य नव्हतं असं ठरावं लागतं. ते ठरेपर्यंत नवी तारीख काढू नका, तोंडीसुद्धा.

यानंतर विवाहपूर्व शिबिर. ते दर महिन्याला आणि दर गावात नसतं, म्हणून पहिल्या भेटीतच पुढची तारीख विचारा. नोकरीला पुण्यात-सुरतेत असलेल्यांना तिथल्या धर्मप्रांतात शिबिर करून प्रमाणपत्र आणता येतं. मग फादर दोघांशी वेगवेगळं बोलतात: मर्जीनं करताय ना, दबाव आहे का, मुलं हवी आहेत ना. शेजारी उभ्या काकांनी उत्तरं द्यायची नसतात. काकांना बाहेर चहा द्या. पुढं दोन्ही धर्मग्रामांत साधारण तीन रविवार नावं जाहीर होतात.

आता तारीख. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात लग्न शक्यतो करत नाहीत, शुभ शुक्रवार आणि पवित्र शनिवारी तर मुळीच नाही. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे एप्रिल-मे मोकळे. मात्र भुसावळ-जळगावचं ऊन लक्षात घेऊन सकाळचीच वेळ धरा.

जागा चर्चचीच. दोघं कॅथलिक असताना लॉनमध्ये किंवा मंगल कार्यालयात विधी करायचा तर वेगळी परवानगी लागते आणि ती गृहीत धरता येत नाही. लॉन जेवणावळीसाठी ठेवा. नात्यातले फादर लग्न लावणार असतील तर स्थानिक फादरांनी त्यांना तसा अधिकार द्यावा लागतो. तो विसरला तर लग्नाच्या ग्राह्यतेवरच प्रश्न येतो. स्थानिक फादरांना विचारून खात्री करा.

वऱ्हाडातले निम्मे लोक ख्रिस्ती नसतात, आणि 'ख्रिस्तप्रसाद' हा शब्द ऐकून बिचारे भक्तिभावानं रांगेत येतात. चूक त्यांची नाही, शब्दच तसा आहे. मिस्सा सुरू होण्याआधी कुणीतरी गोड शब्दांत जाहीर करा की हा फक्त तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी आहे, बाकीच्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी. वधूवरांनी आदल्या दिवशी, हळदीच्या गडबडीआधी, पापनिवेदन उरकावं.

लग्नानंतर: चर्चच्या रजिस्टरवर सही झाली म्हणजे सरकारदरबारचं कामही संपलं, असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी 90 दिवसांत करायची असते. तीन साक्षीदार लग्नाच्या दिवशीच पक्के करा. नंतर एक मुंबईत, एक सुरतेत आणि एक फोन उचलत नाही.

आधीच कोर्टात लग्न करून बसलेले कॅथलिकही येतात. ते लग्न चर्चमध्ये रीतसर करून घेता येतं, त्यासाठी थाटमाटाची गरज नाही. कागद मात्र वरचेच.

## टप्पा ६: आजारी माणसासाठी

'फादरांना बोलावलं म्हणजे माणूस गेलाच' ही समजूत खानदेशात अजून घट्ट आहे, आणि त्यापायी फादर येतात तेव्हा माणूस बेशुद्ध असतो किंवा गेलेला असतो. रुग्णाभ्यंग हा मरणाचा संस्कार नाही. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, वार्धक्यानं आलेला अशक्तपणा, यांपैकी काहीही असेल तर बोलवा. आजार वाढला किंवा बरा होऊन उलटला तर पुन्हाही घेता येतो. मृत्यू झाल्यावर मात्र देत नाहीत. तेव्हा फादर प्रार्थना करतात.

तेल फक्त धर्मगुरू लावू शकतात. सिस्टर किंवा धर्मशिक्षक प्रार्थना करतील, नेमलेले असतील तर ख्रिस्तप्रसादही आणतील, पण हा संस्कार त्यांच्या हातात नाही.

घरी असाल तर रोग्याजवळ छोटं टेबल, स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पिण्याचं पाणी आणि थोडा कापूस ठेवा. रोगी बोलू शकत असेल तर पापनिवेदनासाठी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, मुलानंसुद्धा. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात असाल तर गावच्या फादरांची वाट न पाहता त्या शहरातल्या चर्चला फोन करा, आणि वॉर्ड, खाटेचा नंबर, आयसीयूच्या भेटीची वेळ एका दमात सांगा. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नका. गिळता येतं की नाही हेही आधीच सांगा, म्हणजे ख्रिस्तप्रसाद आणायचा की नाही ते फादर ठरवतील.